फळी धरणाऱ्याची बाजू

फळी फोडण्याच्या स्पर्धेत पहिला निकाल पंच देत नाहीत, वखारवाला देतो. तोही स्पर्धेच्या कितीतरी दिवस आधी, आणि त्याचा त्याला पत्ताही नसतो.

पाचगणीतल्या आंतरशालेय कराटे-तायक्वांदो स्पर्धांसाठी आम्ही लाकूड पसरणीचा घाट उतरून वाईहून आणायचो. पाइनच्या फूट बाय फूट फळ्या, पाऊण इंच जाड, एकाही फळीत गाठ नको, अशी मागणी केली की मालक विचारायचा, "देव्हारा करताय का?" फोडायच्या आहेत म्हटलं की तो चष्मा वर करायचा. "फोडायच्याच तर बिनगाठीच्या कशाला? कसल्याही न्या की!"

त्याला समजावणं अवघड होतं. फळी फुटते ती लाकडाच्या रेषांच्या बाजूने. गाठ आली की रेषा तिला वळसा घालतात आणि भेग तिथेच अडते. शेजारच्या मुलीची फळी सरळ चिरते, हिची मात्र हलत नाही, आणि दोघींच्या ताकदीत काडीचाही फरक नसतो. जाडीचंही तसंच. लागणारा जोर जाडीच्या वर्गाने वाढतो. पाऊण इंचाऐवजी सुताराने इंचभराची फळी दिली तर जवळजवळ पावणेदोन पट जोर लागतो. त्यामुळे रंधा मारून घेताना आम्ही सुताराच्या डोक्यावर उभे असायचो.

"गावात एवढे सिल्व्हर ओक उभे असताना खाली कशाला जाता?" असं दर वर्षी कुणीतरी म्हणायचंच. एक तर पाचगणी-महाबळेश्वर परिसर २००१पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, इथे झाडाला हात लावणं सोपं नाही. शिवाय ताजं लाकूड फुटत नाही, वाकतं.

प्लायने केलेली फजिती

एका शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रात्यक्षिक होतं. फळ्या आणायचं काम कार्यालयाकडे गेलं आणि त्यांनी हौसेने प्लायवूडचे गुळगुळीत, एकसारखे चौकोन कापून आणले. दिसायला देखणे. ब्लॅक बेल्ट असलेल्या सरांनी पहिला ठोसा मारला, प्लाय थरथरला. दुसरा मारला, पुन्हा तेच. पालक गप्प. प्लायमध्ये प्रत्येक थराच्या रेषा खालच्या थराला काटकोनात बसवलेल्या असतात, तो फुटू नये म्हणूनच. सरांनी हसत हसत प्लाय बाजूला ठेवला आणि म्हणाले, "हा शाळेच्या कपाटाला लावा, दहा वर्षं टिकेल." त्या दिवशी सर्वांत मोठी टाळी या वाक्याला मिळाली. सुजलेला हात त्यांनी रात्रभर बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवला, हे फक्त आम्हालाच माहीत.

धरणारे हात

प्रेक्षकांची नजर मारणाऱ्यावर असते, जाणकाराची धरणाऱ्यावर. फळीच्या रेषा उभ्या तर हात डाव्या-उजव्या कडांना हवेत. फळी नव्वद अंशांत फिरली तर तीच फळी कितीतरी पट हट्टी होते. कोपर ताठ, एक पाय मागे, बोटांची टोकं कडेच्या आत नाहीत. धरणारा जरासा मागे सरला की ठोशाचा जोर फळी ढकलण्यात जातो.

आता आतली गोष्ट. आपल्या शाळेची मुलगी आली की धरणारे पहाडासारखे उभे, समोरच्या शाळेची आली की कोपर किंचित सैल. कुणालाच दिसत नाही, पंचांनाही नाही. म्हणून आम्ही एक नियम केला: फळी धरणारे तिसऱ्याच शाळेचे. त्या वर्षी तक्रारी निम्म्यावर आल्या, आणि धरायला मात्र कुणी पुढे येईना! धरणाऱ्याला पदक नसतं; चुकलेली लाथ मात्र त्याच्याच बोटांवर बसते.

मुलांना सगळ्यात जास्त भीती वाटते ती लागण्याची. खरं तर फुटलेली फळी फारशी लागत नाही, न फुटलेली लागते. सगळा धक्का उलटा हातात येतो. शेवटच्या क्षणी घाबरून हात आवरणाऱ्याचाच हात दुखतो. म्हणून सर ओरडायचे, "फळीकडे बघू नकोस बाळा, फळीच्या मागे बघ!" यामागे निव्वळ धीर देणं नव्हतं. हात साधारण तीन चतुर्थांश लांबला असताना मुठीचा वेग सर्वांत जास्त असतो, पुढे तो घटतो. लक्ष्य मागे धरलं तरच फळीला तो वेग मिळतो.

हे मोजलं होतं अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेशी जोडलेल्या पदार्थवैज्ञानिकांनी. त्यांच्यातला रोनाल्ड मॅकनेअर स्वतः कराटेचा ब्लॅक बेल्ट. मायकेल फेल्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांचा लेख १९७९मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये आला. त्यांचा हिशेब असा की पाइनच्या फळीला हाताचा वेग सेकंदाला सुमारे ६ मीटर पुरतो, काँक्रीटच्या ठोकळ्याला साडेदहाच्या वर लागतो. पहिला वेग नवशिक्यालाही गाठता येतो. मॅकनेअर पुढे अंतराळवीर झाला आणि जानेवारी १९८६च्या चॅलेंजर दुर्घटनेत गेला. हा लेख मुलांना सांगितला की त्यांची अर्धी भीती जायची. उरलेली अर्धी पहिल्या फळीनंतर.

धुकं आणि चपातीचा तवा

पाचगणी तेराशे मीटर उंचावर. पावसाळ्यात धुकं खोलीत येऊन बसतं, कपडे आठवडाभर वाळत नाहीत. फळ्या तरी कशा वाळणार? ओलसर फळी कडाडत नाही, लवचिकपणे वाकते आणि परत सरळ होते. म्हणून आमच्या स्पर्धा दिवाळीनंतर, स्ट्रॉबेरीच्या हंगामात.

पण जिथे ओल असते तिथे इलाजही निघतो. वसतिगृहांच्या स्वयंपाकघरात स्पर्धेच्या आदल्या रात्री आमच्या फळ्यांपैकी चार-पाच चपातीच्या तव्याशेजारी शेकायला ठेवलेल्या सापडल्या. फार शेकलेली फळी बिस्किटासारखी तुटते. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "सरांनीच ठेवायला सांगितल्यात." कुठल्या सरांनी, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

दुसरी युक्ती पेन्सिलींची. थप्पीत दोन फळ्यांमध्ये पेन्सिली ठेवल्या की मधे फट राहते आणि फळ्या एकामागून एक फुटत जातात, एकत्रित जोर लागतच नाही. प्रात्यक्षिकात हे दिसायला झकास. स्पर्धेत मात्र फट दिसली की फळ्या बाद.

तमाशा की स्पर्धा?

संमेलनांत कौलं फोडण्याचीही हौस. १८६५मध्ये बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढला आणि मंगलोरी कौल पश्चिम किनाऱ्यापासून घाटमाथ्यापर्यंत पोचलं. पावसाआधी शाकारणी झाली की तडकलेली कौलं फुकट मिळतात. भाजलेली माती ठिसूळ, आवाज मोठा, टाळ्या हमखास. पण तडकलेलं कौल फोडण्यात कसब किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. ट्यूबलाइट अंगावर फोडणारे आले तेव्हा आम्ही सरळ नाही म्हटलं. आत पाऱ्याची वाफ असते, आणि काचा वेचायला शाळेतली लहान मुलंच असतात.

फळी फोडणं गंभीरपणे घेणारेही आहेत. क्योकुशिन कराटेच्या १९७५पासूनच्या खुल्या जागतिक स्पर्धेत लढत बरोबरीत सुटली आणि वजनानेही निकाल लागला नाही, तर कुणी जास्त फळ्या फोडल्या यावर विजेता ठरे. तायक्वांदोत कोरियाच्या कुक्कीवॉन या संस्थेचा हानमादांग महोत्सव १९९२पासून भरतो, त्यात फळी फोडण्याचे स्वतंत्र गट असतात. ऑलिंपिकमध्ये मात्र तायक्वांदो २०००पासून आहे, पण फळीला जागा नाही. लाकूड प्रत्येक वेळी वेगळं, हेच तिचं दुखणं. म्हणून काही संघटना पुन्हा जुळणारी प्लास्टिकची फळी वापरतात: सगळ्यांना सारखी.

प्लास्टिक आमच्या खिशाबाहेरचं. आम्ही स्ट्रॉबेरी विकणाऱ्याचा वजनकाटा मागून आणायचो. एकाच आकाराच्या फळ्या वजनाप्रमाणे लावायच्या, सारख्या वजनाच्या फळ्यांचा एक गठ्ठा, प्रत्येक गटाला एकच गठ्ठा, आणि कुणाला कुठली फळी हे चिठ्ठी टाकून.

एकदा एका बारक्या मुलीने थोराड मुलांना न जमलेल्या फळ्या फोडल्या. समोरचे सर उसळले. "हिला हलकी फळी दिलीत!" आम्ही तुकडे गोळा केले, भुसा-चिरफळ्यांसकट काट्यावर ठेवले. मग त्यांच्या मुलाची न फुटलेली फळी ठेवली. काटा जवळपास तिथेच थांबला. सरांनी गुणपत्रिकेवर सही केली, मुलीचा हात हातात घेतला आणि तिला विचारलं, "कुठे बघत होतीस गं मारताना?"

पुढच्या वर्षी वजनकाटा त्यांनीच आणला. आणि फळी धरायलाही तेच उभे राहिले.