न वाजलेला भोंगा

आदिलाबादहून हैदराबादकडे निघाले की वाटेत गुडीहत्नूर लागते. आमचे मूळ घर तिथले. मराठी, तेलुगू, उर्दू आणि गोंडी या चारही भाषा कानांवर घेत आम्ही वाढलो. चहूकडे कपाशीची रानेच राने. अशा गावाला दुसऱ्या महायुद्धाची झळ कशी लागावी? निजामाने दिलेल्या देणगीमुळे हैदराबादचे नाव मिरवणारी १५२ क्रमांकाची ब्रिटिश विमान-तुकडी १९४० साली इंग्लंडच्या आकाशात जर्मनांशी झुंजत होती, हे मी पुष्कळ पुढे पुस्तकात वाचले. आमच्या घरात युद्ध आले ते आत्याच्या रूपाने.

आत्या मुंबईला मशीद बंदराजवळ एका चाळीत राहत असे. तिचे यजमान गोदीपाशी एका गोदामात कारकून होते. ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले आणि मुंबईचेही धाबे दणाणले. दिव्यांना काळे कागद लागले. इमारतींच्या दारांपुढे विटांच्या आडभिंती उभ्या राहिल्या. भोंगा वाजला की मुलाला घेऊन जिन्याखाली, आडभिंतीमागे बसायचे, हे आत्याला पाठ होते.

१४ एप्रिल १९४४. दुपारी चार वाजून गेल्यावर चाळ हादरली. अर्ध्या तासाने पुन्हा. आत्या मुलाला पोटाशी धरून रात्रभर आडभिंतीमागे बसून राहिली. यजमान परतले नाहीत. ती माहेरी आली ती कायमची. गावाने ठरवून टाकले, जपान्यांचा बॉम्ब! आत्या मात्र मला म्हणायची, “विमान दिसलं नाही रे बाळा, भोंगाही वाजला नाही. मग बॉम्ब पडला कसा?” पुढे मरेपर्यंत ती खोलीचे दार लावून कधी झोपली नाही.

आत्याची आडभिंत केव्हाच पाडली गेली. पण अशा आसऱ्याच्या जागी माणसाला काय वाटत असेल, हे एकदा अनुभवावे असे फार दिवस मनात होते. म्हणून मुंबईत मलबार टेकडीवरचे, आजवर आपण राजभवन म्हणत आलो त्या वास्तूखालचे भुयार पाहायला गेलो. हे हवाई हल्ल्यासाठी बांधलेले नव्हे. विमानांचा जन्म होण्यापूर्वीचे, तोफखान्याचे आहे. समुद्रावरून येणाऱ्या शत्रूसाठी इंग्रजांनी ते सजवले होते. कित्येक वर्षे त्याचे तोंड भिंतीने बुजलेले होते. ऑगस्ट २०१६ मध्ये ती भिंत फोडली, तेव्हा आत तेरा खोल्या निघाल्या. २०१९ साली तिथे संग्रहालय झाले.

आत शिरताच बाहेरचा लाटांचा आवाज तुटला. तोफगोळ्यांचे कोठार, काडतुसांची खोली, गोळे वर चढवण्याची सोय, दिव्यांचे कोनाडे, हवेसाठी झरोके, पाण्याचा निचरा. सारे कसे नेटके! शत्रू कोणत्या बाजूने येणार, हे बांधणाराला पक्के ठाऊक होते. तो आला मात्र नाही.

त्या गारव्यात उभा असताना आत्याचा प्रश्न आठवला. त्याचे उत्तर मला ती गेल्यानंतर मिळाले होते. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाची आगबोट उभी होती. तिच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके, आणि त्यांच्याच संगतीला कराचीहून भरलेल्या कापसाच्या गासड्या! कापूस पेटला आणि बोटीचे तुकडे झाले. शेकडो माणसे दगावली. आग विझवायला धावलेले ६६ जवानही गेले. दुसऱ्याच दिवशी जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने बातमी जगाला सांगितली; इथल्या वृत्तपत्रांना मात्र सेन्सॉरने मे महिन्यापर्यंत ती छापू दिली नाही. शत्रूला जे ठाऊक होते, ते विधवेपासून लपवले गेले.

कापूस किती लवकर पेटतो, हे आमच्या गावातले पोरही सांगेल. आत्याला कोणी एवढेच सांगितले असते, तरी तिने ते ओळखले असते. सारे डोळे आकाशाकडे लागले होते. गोदीकडे पाहून भोंगा वाजवणारा कोणी नव्हता.

गेल्या पावसाळ्यात गुडीहत्नूरला गेलो होतो. रात्री आत्याच्या खोलीत अंथरूण घातले. घरच्यांनी सवयीने दार ओढून घेतले. मी उठलो आणि ते उघडे ठेवले.