सेटअप फाईल उघडतच नाही? ‘फॉरमॅट’ मारण्याआधी घरीच तपासा ‘या’ गोष्टी

नवा प्रिंटर आणला, बोटाचा ठसा घेणारं मशीन घेतलं, नाहीतर पोरांना मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर हवंय. सेटअप डाऊनलोड केला, डबल क्लिक केलं आणि पुढे काहीच नाही! मग कॉम्प्युटर पिशवीत घालून तालुक्याला न्यायचा आणि तिथे ऐकायचं, “फॉरमॅट मारावा लागेल.”

कधीकधी ते खरंच गरजेचं असतं. पण फॉरमॅट म्हणजे सी ड्राईव्ह कोरी पाटी होणं. डेस्कटॉप, डाऊनलोड्स आणि डॉक्युमेंट्स बहुतेक वेळा याच ड्राईव्हमध्ये असतात. म्हणजे लग्नाचे फोटो, सातबाऱ्याच्या पीडीएफ, बचत गटाचा हिशोब सगळं जाऊ शकतं. म्हणून आधी एवढं बघून घ्या.

फाईल पूर्ण उतरली का?
रेंज मध्येच गेली की फाईल अर्धवट राहते. फाईलवर राईट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. वेबसाईटवर साईज दिली असेल तर ती जुळते का पाहा. तिथेच फाईलचा प्रकारही दिसतो. ‘एपीके’ असेल तर ती मोबाईलची फाईल आहे, विंडोजवर सरळ चालणार नाही. ‘झिप’ असेल तर आधी ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ करा, मग आतला सेटअप चालवा.

३२ बिट की ६४ बिट?
‘धिस अ‍ॅप कान्ट रन ऑन युवर पीसी’ असा मेसेज आला तर अनेकदा गडबड इथेच असते. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टीम’ आणि त्यात ‘अबाऊट’ उघडा. ‘सिस्टीम टाईप’समोर तुमचं विंडोज किती बिटचं आहे ते लिहिलेलं असतं. ३२ बिट विंडोजवर ६४ बिटचं सॉफ्टवेअर चालत नाही. उलट बाजूने बहुतेक वेळा चालतं. पण प्रिंटर किंवा ठसा मशीनचा ड्रायव्हर मात्र विंडोजला जुळणाराच लागतो.

विंडोज फार जुनं आहे का?
विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला बंद झाला, तर विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ७ वर तर आता नवं क्रोमसुद्धा बसत नाही. जुनं मशीन असेल तर त्याच कंपनीच्या वेबसाईटवर जुनं व्हर्जन मिळतं का बघा.

तारीख बरोबर आहे का?
लाईट गेली की घड्याळ मागच्या एखाद्या वर्षात जातं? मग आतला नाण्याएवढा सेल संपलेला असू शकतो. तारीख चुकली की वेबसाईटची सुरक्षा तपासणी अडते. डाऊनलोड होत नाही, इंटरनेटवरून पुढचा भाग ओढणारे सेटअपही थांबतात. तारीख दुरुस्त करा, सेल बदलून घ्या.

रीस्टार्ट आणि परवानगी
‘शट डाऊन’ नको, ‘रीस्टार्ट’च करा. विंडोज १० आणि ११ मध्ये शट डाऊन केल्यावर अनेकदा सगळं पूर्ण बंद होत नाही. अर्धवट अडकलेलं इन्स्टॉलेशन रीस्टार्टने सुटतं. मग सेटअपवर राईट क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडा. सी ड्राईव्ह गच्च भरला असेल तर आधी जागा मोकळी करा.

नवा लॅपटॉप, तरी अडतंय?
काही लॅपटॉप ‘एस मोड’मध्ये येतात. त्यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलीच अ‍ॅप बसतात. हा मोड मोफत बंद करता येतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. मात्र एकदा बंद केला की तो परत चालू होत नाही.

इथे सावध राहा
निळी चौकट येऊन ‘विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी’ म्हणत असेल तर थांबा. फाईल कंपनीच्या स्वतःच्या वेबसाईटवरून घेतली असेल तरच पुढे जा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला सेटअप चालवू नका. ‘अँटीव्हायरस बंद करा, मग चालेल’ असं सांगणारं फुकटचं सॉफ्टवेअर तर लांबच ठेवा. एखादी ‘डीएलएल’ फाईल नाही असा मेसेज आला तर ती कुठल्याही साईटवरून उचलून टाकू नका.

आणि गुगलवर सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरवर फोन करून समोरच्याच्या हातात स्क्रीन देऊ नका. खात्यातून पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

एवढं करूनही सेटअप हलला नाही तर दुकानात जरूर जा. जाताना दोन कामं करा. स्क्रीनवरच्या मेसेजचा मोबाईलमध्ये फोटो काढा, म्हणजे अंदाजाने काही करावं लागणार नाही. आणि महत्त्वाच्या फाईली पेन ड्राईव्हवर घ्या. मग फॉरमॅट मारावा लागला तरी तुमचं काही जाणार नाही.