पेट्रोल पंपाखालचे पाणी

वाशीच्या किंवा नेरुळच्या पेट्रोल पंपावर गाडीत पेट्रोल भरताना तुम्ही पाहता. पण ते साठवलेले असते कुठे? तुमच्या पायाखाली, जमिनीत पुरलेल्या टाक्यांत. एकेका टाकीत हजारो लिटर! लोखंड गंजते, नळांचे सांधे सैल होतात आणि पेट्रोल थेंबथेंब मातीत झिरपू लागते. टाकीत मापपट्टी सोडून रोज साठा मोजतात खरा, पण उष्णतेने पेट्रोलचे आकारमानही कमीजास्त होते. वाटीभर गळती त्या फरकात सहज लपून जाते.

वाटीभराने काय बिघडते, असे वाटेल. मग हिशेब करा. भारत स्टेज ६ मानकाप्रमाणे पेट्रोलमध्ये आकारमानाने १ टक्क्यापर्यंत बेंझिन चालते. म्हणजे लिटरमागे १० मिलिलिटर, वजनाने सुमारे ८.८ ग्रॅम. हे बेंझिन दीर्घकाळ पोटात गेले तर रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. भागाकार केला की उत्तर येते ८ लाख ८० हजार लिटर. एका लिटर पेट्रोलमधले सगळे बेंझिन विरघळले तर एवढे पाणी मर्यादेपर्यंत पोचते! प्रत्यक्षात बरेचसे हवेत उडते, काही मातीतले जीवाणू खातात. तरी आकडा धडकी भरवणाराच आहे. अमेरिकेतील सांता मोनिका शहराला १९९६ साली पेट्रोलमधल्याच एमटीबीई नावाच्या पदार्थामुळे पाणीपुरवठ्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या. त्या शहराचे जवळजवळ निम्मे पाणी गेले.

नवी मुंबईच्या नळाला मोरबे धरणाचे पाणी येते, मग भूजलाची काळजी कशाला? कारण जमिनीखालचे पाणी एका जागी थांबत नाही. सिडकोने १९७० नंतर हे शहर ठाणे खाडीच्या काठी वसवले ते भातखाचरे, मिठागरे आणि भराव घातलेल्या दलदलीवर. खाडीकाठी भूजल अगदी उथळ असते. त्याखाली आपला काळा पाषाण, बेसाल्ट. वाळूतून पाणी सगळीकडे सारखे झिरपते. बेसाल्टमध्ये ते मुरमातून आणि भेगांतून वाट काढते. भेग कुठे वळेल हे वरून कसे सांगणार?

म्हणून पंपाच्या आवारात निरीक्षण विहिरी घेतात. ही नुसती हातभर व्यासाचीही नसलेली कूपनलिका असते: तळाकडे चिरा पाडलेला प्लास्टिकचा नळ, त्याभोवती बारीक खडी, वर फुगणाऱ्या बेंटोनाइट मातीची डाट आणि कुलूपबंद झाकण. डाट नसेल तर फरशीवर सांडलेले पेट्रोल पावसाबरोबर थेट विहिरीत उतरेल आणि निर्दोष टाकीवर आळ येईल. विहिरी निदान तीन हव्यात. तीन ठिकाणच्या पाण्याची समुद्रसपाटीपासूनची उंची कळली की उतार कोणीकडे आहे ते भूमितीने काढता येते. टाकीच्या वरच्या अंगाची विहीर स्वच्छ आणि खालच्या अंगाची दूषित, तर संशय टाकीवरच. मात्र खाडीजवळ भरती-ओहोटीने पातळी हलते. तेव्हा तिन्ही मापे थोड्याच वेळात घेतली पाहिजेत.

आता खरी कसोटी, नमुना घेण्याची. नळात साचून राहिलेले पाणी भोवतालच्या भूजलासारखे नसते. ते आधी उपसावे लागते. १० सेंटिमीटर व्यासाच्या नळात ४ मीटर पाणी असेल तर ते होते सुमारे ३१ लिटर. रूढ पद्धतीने त्याच्या तिप्पट, म्हणजे जवळपास ९४ लिटर उपसतात. तापमान, सामू आणि विद्युतवाहकता स्थिर झाली की ताजे पाणी आले असे समजतात. उपसलेले पाणी गटारात ओतायचे नाही बरं का, ते पिंपात साठवायचे! मग ४० मिलिलिटरची कुपी काठोकाठ भरून बंद करतात. कुपी उलटी केल्यावर एक बुडबुडा जरी दिसला तरी नमुना बाद, कारण बेंझिन पाणी सोडून त्या हवेत शिरते. कुप्या बर्फात ठेवून प्रयोगशाळेत नेतात. सोबत शुद्ध पाण्याची एक सीलबंद कुपीही प्रवास करते. तिच्यात बेंझिन सापडले तर ते विहिरीतले नव्हे, वाटेतले! नमुना घेणाऱ्याने त्याच हातांनी सकाळी स्कूटरमध्ये पेट्रोल भरले असेल, तर तेवढेही निकाल बिघडवायला पुरते. माझ्या मते वाईट नमुन्यापेक्षा नमुना नसलेला बरा. खोटा ‘स्वच्छ’ शेरा मिळाला की पुढे कोणी बघतच नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये नवे पंप शाळा, रुग्णालये आणि वस्तीपासून ५० मीटर दूर असावेत अशी मार्गदर्शक सूचना काढली. अडचण असेल तेथे जादा सुरक्षा उपायांसह ३० मीटर. भेगांतून वाहणाऱ्या पाण्याला मात्र ही मोजणी ठाऊक नाही.

तुमच्या शाळेजवळ जुनी विहीर असेल तर शिक्षकांना बरोबर घेऊन एक काम करा. मोजफितीच्या टोकाला वजन बांधा, शेवटच्या मीटरभर भागाला खडू फासा आणि फीत पाण्यात थोडी बुडेल इतकी सोडा. काठाशी आलेल्या आकड्यातून भिजलेली लांबी वजा केली की पाण्याची खोली मिळते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तुम्हीही तेच महिने धरा. खाडी जवळ असेल तर एकाच दिवशी भरतीला आणि ओहोटीला मोजून पाहा.