बिनतारखेची कामं

कामाची घडी : भाग ४

गेल्या आठवड्यात ठरल्याप्रमाणे डोक्यात घोळणारी सगळी कामं कागदावर उतरवली असतील, तर एव्हाना यादी चांगलीच लांबली असेल. माझी एकवीसवर गेली. लाइट बिल, गॅसचं केवायसी, सोसायटीच्या हिशोबावर सही, दळण, आईच्या डोळ्यांची तपासणी, या भागाचा मजकूर. कागद भरला की हायसं वाटतं, आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. मग हाताशी येईल ते आधी उरकायचं. रात्री बारा कामांवर काट मारलेली दिसते. आईची तपासणी मात्र सलग तिसऱ्या आठवड्यात नव्या कागदावर उतरते.

लाइट बिलावर शेवटची तारीख छापलेली असते. मोतीबिंदूवर नसते.

मेंग झू, यांग यांग आणि ख्रिस्तोफर शी या संशोधकांनी २०१८ साली हेच प्रयोगांतून दाखवलं. लोकांपुढे दोन कामं ठेवली. एकाचा मोबदला कमी, पण मुदत लवकर संपणारी. दुसऱ्याचा जास्त आणि मुदतही ऐसपैस. खरं तर छोटी मुदतसुद्धा काम पुरं करायला भरपूर होती, म्हणजे घाई नुसती दिखाऊ. तरीही कमी मोबदल्याचं काम उचलणारे वाढले. 'मला फार कामं असतात' असं वाटणारी माणसं तर याला जास्तच बळी पडली. निवडताना मोबदल्याकडे लक्ष वेधलं, तेव्हा मात्र ही ओढ कमी झाली.

तातडीचं आणि महत्त्वाचं यांतला फरक अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर १९५४ सालीच एका भाषणात सांगून गेले होते, तेही एका माजी कॉलेज-अध्यक्षाचा हवाला देऊन. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी चार घरांची चौकट मात्र लोकप्रिय झाली ती स्टीफन कव्ही यांच्या १९८९च्या पुस्तकामुळे. मला तिचा फारसा उपयोग झालेला नाही. भरायला बसलं की सगळीच कामं तातडीच्या आणि महत्त्वाच्या घरात जाऊन बसतात, आणि आपण होतो तिथेच.

त्यापेक्षा आयव्ही ली यांच्या नावावर सांगितली जाणारी रीत बरी. बेथलेहेम स्टीलच्या चार्ल्स श्वाब यांना त्यांनी ती सुचवली आणि श्वाबनी मोठ्या रकमेचा चेक पाठवला, अशी गोष्ट आहे. चेकचं राहू द्या. रीत अशी : उद्याची सहाच कामं आज रात्री लिहायची, त्यांना एक ते सहा क्रम द्यायचा आणि पहिलं संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. रात्री यासाठी, की तेव्हा फोन वाजत नसतो, कुणी दारात उभं नसतं. सातवं काम उद्याचं नाही, हे तेव्हाच ठरवून टाकता येतं.

हा नियम स्वतंत्र केबिन असलेल्या साहेबाला शोभतो, हेही खरं. काउंटरवर बसणारी व्यक्ती रांगेला 'थांबा, माझं एक नंबरचं काम चाललंय' म्हणू शकत नाही. तिने सहाचा हट्ट सोडावा. एकच काम निवडावं, ज्याच्यासाठी कुणी तगादा लावणार नाही असं, आणि त्याला वार आणि वेळ द्यावी. यादीत 'आईचे डोळे' असं मोघम लिहिलं होतं, ते खोडून मी 'सोमवारी अकराला डॉक्टरांना फोन' असं लिहिलं. फोनला चार मिनिटं लागली. शुक्रवारी सकाळी साडेनऊची वेळ मिळाली. लाइट बिल त्या दिवशी तसंच राहिलं.

हा मजकूर मात्र दोन तासांत होईल असं धरलं होतं, लागले साडेपाच. माझ्या सोबतीला कॅनडातले काही विद्यार्थी आहेत : प्रबंध सरासरी ३४ दिवसांत संपेल असा त्यांचा अंदाज होता, प्रत्यक्षात ५५हून जास्त लागले. आपले अंदाज असे का चुकतात, ते पुढच्या आठवड्यात.