शब्दकोशाच्या उंबरठ्यावर अडलेला निबंध

शाळा-महाविद्यालयांतील निबंधांची आणि वक्तृत्व स्पर्धांतील भाषणांची एक सुरुवात आता जवळजवळ ठरून गेली आहे. विषय कोणताही असो, पहिले वाक्य शब्दकोशाचे. ‘दुष्काळ म्हणजे अन्नधान्याची टंचाई, असे शब्दकोशात म्हटले आहे.’ ‘पर्यावरण म्हणजे आपल्या सभोवतालची परिस्थिती.’ मग ओळ सोडून खरा निबंध सुरू होतो आणि त्या व्याख्येची आठवण पुढे कोणालाच राहत नाही.

मुले असे का करतात, हे समजण्याजोगे आहे. कोरा कागद समोर असतो, घड्याळ पुढे सरकत असते आणि पहिले वाक्य सुचत नाही. अशा वेळी व्याख्या हा मोठा आधार वाटतो. ती चुकणार नाही, तिच्याखाली कोणी लाल रेघ मारणार नाही आणि लिहिणारा अभ्यासू दिसेल. अडचण एवढीच, की वाचणाऱ्याला त्या व्याख्येतून नवे काहीच मिळत नाही. दुष्काळ शब्दाचा अर्थ परीक्षकाला ठाऊक असतो. त्याला हवे असते ते या मुलाचे किंवा मुलीचे म्हणणे.

शब्दकोशाकडे आपण न्यायालयाच्या निकालासारखे पाहतो. प्रत्यक्षात कोश हा साक्षीपुराव्यांचा संग्रह असतो. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती घ्या, की दाते-कर्वे प्रभृतींनी १९३२ ते १९३८ या काळात सात भागांत प्रसिद्ध केलेला महाराष्ट्र शब्दकोश घ्या. लोक शब्द कसा वापरतात, हे पाहूनच कोशकारांनी अर्थ नोंदवले. महाराष्ट्र शब्दकोशात जागोजागी जुन्या ग्रंथांतील अवतरणे पुराव्यादाखल दिली आहेत. त्यांत मोरोपंतांच्या काव्यातील अवतरणे वारंवार भेटतात. मोरोपंतांचे आयुष्य कऱ्हेकाठी, बारामतीत गेले. म्हणजे इथे बसून लिहिणाऱ्याच्या शब्दांवर कोशाने आपला अर्थ उभा केला. आज त्याच बारामतीतला विद्यार्थी मात्र स्वतःचा अर्थ बाजूला ठेवून कोशातून उतरवून घेतो!

मग निबंधात व्याख्या द्यायचीच नाही का? जरूर द्यावी, पण ती तपासण्यासाठी द्यावी. आपल्या न्यायशास्त्रात याची सुरेख रीत सांगितली आहे. तिथे व्याख्येला लक्षण म्हणतात आणि त्याचे तीन दोष मानतात. ‘गाय म्हणजे शिंगे असलेला प्राणी’ म्हटले तर म्हैसही त्यात येते, ही अतिव्याप्ती. ‘गाय म्हणजे तांबूस रंगाची’ म्हटले तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. ‘गाय म्हणजे एकच अखंड खूर असलेली’ म्हटले तर एकही गाय त्यात बसत नाही, हा असंभव.

ही फूटपट्टी आता ‘दुष्काळ म्हणजे पाऊस न पडणे’ या व्याख्येला लावून पाहू. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि बारामती-इंदापूरच्या मोठ्या भागाचे चित्र पालटले. कालव्याची पाळी वेळेवर मिळाली, तर पावसाने दडी मारली तरी तेथील शिवारात ऊस उभा असतो. पाऊस नाही, पण त्या शेतापुरता दुष्काळही नाही. व्याख्या अतिव्याप्त ठरली. उलट सुपे-मोरगावकडच्या जिरायती पट्ट्यात पाऊस बाजरी करपून गेल्यावर पडला, तर कागदावरची बेरीज भरते आणि घरातली कणगी रिकामी राहते. व्याख्या अव्याप्त ठरली. एवढे लिहिले की निबंध आपोआप पुढे चालू लागतो. कारण आता प्रश्न उभा राहिला: दुष्काळ पावसाचा असतो की पाण्याच्या वाटपाचा?

व्याख्या बदलली की माणसांचे काय होते, हेही याच शब्दात दिसते. १९६३ मध्ये महाराष्ट्राने एक कायदा करून राज्यातील कायद्यांमधून ‘फॅमिन’, म्हणजे दुष्काळ, हा शब्द वगळला आणि त्याजागी ‘टंचाई’ या अर्थाचा शब्द घातला. सरकार वेळीच मदत पोचवत असल्यामुळे दुष्काळ उद्भवण्यास आता वावच उरलेला नाही, असे त्यामागचे म्हणणे होते. नऊ वर्षांनी १९७२ साल उजाडले. लोक खडी फोडायला गेले, मुलांना सुकडी मिळाली. कायद्यात शब्द नव्हता, पण गावोगावी आजही तो काळ ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणूनच ओळखला जातो.

अलीकडचे उदाहरण २०२३ चे. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत बारामती आणि इंदापूरही होते. पुढे नोव्हेंबरमध्ये इतर अनेक महसूल मंडळांत ‘दुष्काळसदृश’ परिस्थिती जाहीर झाली. पावसातील तूट, पिकांची स्थिती, जमिनीतील ओलावा असे निर्देशांक पाहून हे ठरते. शब्द सरकारी कागदावर उमटला, की जमीन महसुलात सूट, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती आणि विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कात माफी मिळते. ज्या शब्दावर आपली परीक्षा फी अवलंबून आहे, त्याचा अर्थ कोण आणि कसा ठरवतो, हा दहावीच्या मुलालाही भिडणारा विषय आहे. योगायोग असा, की त्या वर्षी अधिक श्रावण आला होता; ‘दुष्काळात तेरावा महिना’ ही म्हण अक्षरशः खरी ठरली. दुष्काळ हा महिन्यांनी मोजायचा असतो, पुढच्या सुगीपर्यंत किती दिवस काढायचे यावर तो ठरतो, ही लोकांची व्याख्या त्या म्हणीत आहे.

‘जिरायत’ शब्दाचेही तसेच. मूळ अरबी शब्दाचा अर्थ नुसता ‘शेती’. मराठीत तो पावसावरच्या शेतीपुरता उरला. बारामतीत तर ‘आम्ही जिरायती भागातले’ म्हटले की जमिनीबरोबर पाणी, रस्ता, मुलामुलींची लग्ने असे बरेच काही बोलले जाते. कोशातील अर्थ आधी लिहावा आणि मग हा अर्थ शेजारी ठेवावा. दोहोंतले अंतर हाच निबंध.

शिक्षकांना आणि पालकांना एक साधी कसोटी सुचवावीशी वाटते. मुलाच्या निबंधातील पहिले वाक्य हाताने झाकावे आणि पुढचे वाचावे. काहीच अडले नाही, तर ते वाक्य काढून टाकायला सांगावे. अडले, तर व्याख्या तिथे काम करते आहे. ती राहू द्यावी. आणि व्याख्येनंतर मुलाला एकच प्रश्न विचारावा, ‘यात तुझ्या गावातले काय बसत नाही?’

ज्या मुलीने उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली आहे, तिच्याकडे दुष्काळाबद्दल कोशापेक्षा जास्त माहिती आहे. पण पहिल्याच ओळीत ती कोशाच्या मागे उभी राहिली, तर आपले पाहिलेले लिहिण्याजोगे नाही, असे ती शिकते. गुण कमी पडण्यापेक्षा हे नुकसान मोठे आहे. कोश तिच्या हाती जरूर द्यावा. आणि उद्याच्या कोशाला पुरावा तिच्याच लिहिण्यातून मिळणार आहे, हेही तिला सांगावे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)