घाटात कळते इंजिनाची ताकद

पंधरा वर्षं इमानानं धावलेली स्विफ्ट विकायची म्हटलं की घरात सुतकी शांतता पसरते. त्यात शोरूमवाला व्हेन्यू एन लाइन दाखवतो आणि मन कुरकुरतं : इंजिन फक्त ९९८ सीसी? जुन्या गाडीपेक्षाही लहान!

आकडा फसवा आहे. त्या १.२ लिटर पेट्रोल स्विफ्टचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पीळ, सुमारे ११४ न्यूटन-मीटर. तोही इंजिन मिनिटाला ४,५०० फेऱ्यांच्या आसपास पोचल्यावर. व्हेन्यूत १७२, आणि १,५०० फेऱ्यांपासूनच. ही करामत टर्बोची. बाहेर पडणारा तापलेला धूर एक चक्र फिरवतो, त्याला जोडलेलं दुसरं चक्र हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, मोठा भडका. म्हणून खंबाटकी घाट चढताना सारखा गिअर उतरवावा लागत नाही. मात्र अगदी कमी फेऱ्यांवर हे चक्र सुस्त असतं. पाय दाबूनही क्षणभर काहीच घडत नाही.

व्हेन्यू स्विफ्टपेक्षा उंच. उंच गाडीचा गुरुत्वमध्यही वर, त्यामुळे ती वळणावर अधिक कलते. एन लाइनसारख्या स्पोर्टी आवृत्तीचं सस्पेन्शन कडक असतं ते त्यासाठीच. (खड्ड्यांत त्याची किंमत आपली कंबर मोजते.)

चाचणी फेरी शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नका. घरची चार माणसं बसवा, एसी लावा आणि चढ गाठा.