धम्मवचनांचे संदर्भ : शोधनिबंध लिहिणाऱ्यांसाठी

बौद्ध विषयांवरील शोधनिबंध वाचताना एक वाक्य वारंवार भेटते : ‘भगवान बुद्धांनी म्हटले आहे की...’. ते वचन कोठे आहे, कोणाला उद्देशून आहे, लेखकाने ते कोठून घेतले, याचा मात्र पत्ता नसतो. व्याख्यानात हे खपून जाते. शोधनिबंधात खपत नाही. संदर्भ हा परीक्षकासाठी पाळावयाचा उपचार नव्हे. वाचकाला मूळ ठिकाणी जाऊन आपले विधान पडताळता यावे, यासाठी लेखकाने मोकळी ठेवलेली ती वाट होय.

केसमुत्तिसुत्ताचे उदाहरण घेऊ. कालामसुत्त या नावाने ते आपल्या परिचयाचे आहे. परंपरा वा ग्रंथ सांगतो म्हणून मानू नका, तर्काला पटेल तेच स्वीकारा, असा त्याचा सारांश भाषणांतून व पत्रकांतून सांगितला जातो. मूळ सुत्त उघडले तर काय दिसते ? ज्या दहा आधारांवर विसंबू नये असे भगवंत कालामांना सांगतात, त्यांत परंपरा व ग्रंथ यांच्याबरोबर तर्कही आहे. पुढे दिलेली कसोटी आचरणाची आहे : जे अकुशल, सदोष व सुज्ञांनी निंदिलेले आहे आणि ज्याचे आचरण अहिताला व दुःखाला कारण होते, ते स्वतः जाणून त्याचा त्याग करावा. येथे बुद्धिस्वातंत्र्य नाकारलेले नाही. त्याला परिणामांच्या जाणिवेची जोड दिलेली आहे. पत्रकावर विसंबणारा अभ्यासक नेमक्या याच जागी पकडला जातो, आणि मग त्याचे उर्वरित, रास्त प्रतिपादनही संशयास्पद ठरविले जाते.

या सुत्ताचा निर्देश कसा करावा ? ते अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात आहे. 1881 साली लंडन येथे स्थापन झालेल्या पालि टेक्स्ट सोसायटीच्या रोमन आवृत्तीत ते पहिल्या खंडाच्या 188 व्या पृष्ठावर सुरू होते व त्याचा क्रमांक 65 आहे; छट्ठ संगायनाच्या पाठात तो 66 येतो. भिक्खु जगदीश काश्यप यांनी संपादिलेल्या नालंदा देवनागरी आवृत्तीची पृष्ठे आणखी वेगळी. म्हणून नुसता पृष्ठांक वा क्रमांक पुरेसा नाही. निकाय, निपात किंवा वग्ग, सुत्ताचे नाव, आवृत्ती, खंड व पृष्ठ अशा क्रमाने लिहावे. धम्मपदाच्या 423 गाथांना क्रमांक आहेत. तेथे गाथांक द्यावा. अनुवाद वापरला असेल तर अनुवादकाचे नाव सांगावे. दुसऱ्याच्या ग्रंथातील पालि संदर्भ मूळ न पाहता उतरवून घेतला असेल, तर त्या ग्रंथाचाच हवाला द्यावा. त्यात कमीपणा नाही. न पाहिलेले पाहिल्याचे भासविण्यात आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ 1957 मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. महाराष्ट्र शासनाने 1992 मध्ये तो समग्र वाङ्मयाच्या अकराव्या खंडात छापला. दोहोंचे पृष्ठांक जुळत नाहीत; म्हणून खंड, भाग, प्रकरण आणि परिच्छेद यांचे क्रमांक द्यावेत. ते सर्व आवृत्त्यांत उपयोगी पडतात. मूळ ग्रंथात पालि आधारांच्या टिपा नाहीत. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवाद करताना त्यांचा शोध घेतला. बाबासाहेबांनी केलेली मांडणी ही बाबासाहेबांची म्हणूनच उद्धृत करावी आणि तिच्या शेजारी पालि पाठ स्वतंत्रपणे द्यावा. बाबासाहेबांचे वाक्य थेट निकायातील म्हणून देणे, हा दोन्ही ग्रंथांवर अन्याय आहे. त्यांनी काय निवडले, काय वगळले व का, हाच खरा संशोधनाचा विषय. संदर्भ एकमेकांत मिसळले की तोच झाकला जातो.

कोशांविषयीही हेच. मलालसेकर यांचा पालि विशेषनामांचा कोश अथवा र्‍हीस डेव्हिड्स व स्टीड यांचा पालि-इंग्रजी कोश मूळ स्थळे दाखवितो. त्या स्थळापर्यंत जावे. कोशावर थांबू नये. शब्दाच्या अर्थासाठी कोश उद्धृत करताना तो शब्द नमूद करावा, आणि विश्वकोशातील नोंदीखाली लेखकाचे नाव असल्यास तेही द्यावे.

ही शिस्त विद्यापीठांनी आपल्यावर लादलेली नाही. दीघनिकायातील महापरिनिब्बानसुत्तात चार महापदेस आहेत. ‘हे मी भगवंतांच्या मुखातून ऐकले’ असे कोणी म्हटले, तरी त्याचे लगेच अभिनंदन करू नये व धिक्कारही करू नये. सुत्त व विनय यांच्याशी ते ताडून पाहावे, असा तेथील उपदेश आहे. बाबासाहेबांनीही आपल्या ग्रंथाच्या चौथ्या खंडात, दुसऱ्या भागाच्या पाचव्या प्रकरणात, बुद्धवचनांचा विपर्यास कसा होत गेला याची चर्चा करताना अलगद्दूपमसुत्तासह पाच सुत्तांची नावे दिली आहेत. ज्या परंपरेने शास्त्याच्या नावालाही पडताळणीतून सूट दिली नाही, तिच्या अभ्यासकाने आपल्या तळटिपेला सूट देऊ नये.